दत्तक लेकीला तिच्या चीनमधल्या गावी नेण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मूळच्या पुण्याच्या, आता न्यू जर्सीत स्थायिक आहात. २०१५ मध्ये तुम्ही आणि तुमच्या यजमानांनी चीनच्या जिआंग्शी प्रांतातून दोन वर्षांची मुलगी दत्तक घेतली. तिचा ओठ आणि टाळू जन्मतः दुभंगलेले होते आणि त्यावरच्या शस्त्रक्रिया पुढे अमेरिकेत झाल्या. आता ती १२ वर्षांची आहे आणि तिच्या पाठचा भाऊ ७ वर्षांचा आहे. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत चीनला जावे, तिला तिचा अनाथाश्रम दाखवावा, जमल्यास जन्मदात्यांचा शोध घ्यावा आणि परतताना पुण्याला महिनाभर राहावे, असा तुमचा बेत आहे. लेक एक दिवस नकाशा काढून बसते आणि दुसऱ्या दिवशी "मला नाही जायचे" म्हणते. सासूबाई पुण्याहून म्हणतात, "कशाला खपली काढायची?" अशा वेळी जावे की न जावे, आणि जायचे तर कसे, असे तुम्ही विचारले आहे.

मी कॅलिफोर्नियात दत्तक कुटुंबांच्या समुपदेशनाचे काम करते. २००८ पासून अशा कुटुंबांबरोबर मी १४ वेळा चीनला गेले आहे. मधली तीन वर्षे, २०२० च्या मार्चपासून २०२३ च्या मार्चपर्यंत, पर्यटकांना प्रवेशच नसल्याने तशीच गेली. त्या अनुभवावरून मला असे वाटते की जावे की न जावे ही तुमची खरी अडचण नाही. तुम्ही तीन वेगवेगळे प्रवास एकाच तिकिटात बांधले आहेत, ही अडचण आहे. चीन हा देश पाहणे हा पहिला प्रवास. जिथे आपल्याला वाढवले ती जागा आणि ती माणसे पाहणे हा दुसरा. जन्मदात्यांचा शोध हा तिसरा. या तिन्हींसाठी मुलाची वेगवेगळी तयारी लागते आणि ती एकाच वयात होतेच असे नाही. तुमची लेक हो म्हणते तेव्हा ती बहुधा पहिल्या प्रवासाला हो म्हणत असते आणि नाही म्हणते तेव्हा तिसऱ्याला घाबरून नाही म्हणत असते. आपण नक्की कशाला होकार देत आहोत हे तिला ठाऊक नसल्यामुळे तिचे उत्तर रोज बदलते. हे तीन प्रवास तिच्यासमोर सुटे करून ठेवा आणि प्रत्येकाबद्दल वेगळे विचारा. माझ्या अनुभवात निम्मा गुंता तिथेच सुटतो.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगते. तिचा अनाथाश्रम आज भेटीला परवानगी देतो का, तुमची दत्तक एजन्सी अजून चालू आहे का, तुमच्याकडे कोणती कागदपत्रे आहेत, आणि मुख्य म्हणजे तिला आजवर काय सांगितले गेले आहे, हे मला ठाऊक नाही. वयाबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. पहिली भेट साधारण ८ ते १२ या वयात झाली तर मुले पुष्कळ मोकळेपणाने पाहतात. त्यांची उत्सुकता जागी असते आणि चारचौघांत रडू आले तरी त्याची लाज वाटत नाही. १४-१५ व्या वर्षी तीच मुले कानाला हेडफोन लावून बसच्या मागच्या बाकावर बसतात. म्हणून पहिले दोन प्रवास आता करावेत आणि तिसरा तिच्यावर सोडावा, असे माझे म्हणणे आहे.

निघण्याआधी "मला का सोडले?" या प्रश्नाचे उत्तर घरात एकदा तरी नीट दिलेले असले पाहिजे. तिथे पोहोचल्यावर तो प्रश्न हमखास उभा राहतो आणि त्या गर्दीत त्याचे उत्तर देता येत नाही. बहुतेक घरांत "तिथे एकच मूल ठेवायचा कायदा होता" एवढेच सांगितलेले असते. ते अर्धे खरे आहे. १९८० च्या सुमारास सुरू झालेले ते धोरण २०१५ च्या अखेरपर्यंत चालले. पुष्कळ ग्रामीण भागांत पहिली मुलगी असेल तर दुसऱ्या अपत्याला मुभा असे, त्यामुळे दुसरीही मुलगी झाली की मुलगा हवा असणाऱ्या घरावर दबाव येई. दंड इतका मोठा असे की काही घरांना तो भरणे शक्यच नव्हते. पण २०१० नंतर परदेशी गेलेल्या मुलांमध्ये आजार किंवा व्यंग असलेली मुलेच बहुसंख्य होती आणि तुमची लेक त्यांतली आहे. तिच्या बाबतीत उपचारांचा खर्च, ते कुठे होतात याची माहिती नसणे आणि लोक काय म्हणतील ही भीती यांचा वाटा मोठा असू शकतो. ग्वांगझू शहराने २०१४ च्या जानेवारीअखेर अर्भके सुरक्षित ठेवून जाता यावीत म्हणून एक खोली उघडली. दोन महिन्यांच्या आत तिथे २६२ मुले आली आणि मार्चमध्ये ती बंद करावी लागली. ती जवळजवळ सगळी मुले आजारी किंवा अपंग होती. १२ वर्षांच्या मुलीला हे सांगता येते. फक्त "तुझ्या ओठामुळे" असे वाक्य तिच्या मनात बसू देऊ नका. "त्या वेळी त्या घराला उपचार परवडले नसावेत, आणि तो दोष तुझा नव्हता", हे वाक्य तिने तुमच्या तोंडून एकदा नाही, अनेकदा ऐकायला हवे. मुलाला टाकून देणे हा चीनमध्ये गुन्हा आहे, म्हणून सोडणारे सहसा नावगाव मागे ठेवत नाहीत, हेही सांगा. "एक चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही" हा सल मी फार मुलांमध्ये पाहिला आहे.

आता तिची फाइल काढा. तीत दत्तक प्रमाणपत्र, जन्माचा नोटरी केलेला दाखला, ती सापडल्याचा दाखला आणि तिचा जुना चिनी पासपोर्ट असेल. वर्तमानपत्रातली जाहिरात असेल किंवा नसेल. मूल सापडले की प्रांतातल्या वर्तमानपत्रात त्याचा फोटो, सापडल्याची जागा आणि तारीख छापून पालकांनी ६० दिवसांत पुढे यावे असे आवाहन करावे लागे. ती मुदत उलटली की मूल कायद्याने अनाथाश्रमाचे होई. अनेक मुलांचा उपलब्ध असलेला सर्वांत जुना फोटो हाच असतो, म्हणून तो मिळवण्यासाठी खटपट करावी. सगळे कागद स्वतंत्र जाणकाराकडून पुन्हा भाषांतरित करून घ्या, कारण त्या वेळच्या घाईतल्या इंग्रजी भाषांतरात "अमुक गल्लीतल्या जुन्या धान्यकोठाराचे पूर्वेकडचे फाटक" याचे नुसते "रस्त्याच्या कडेला" झालेले मी पाहिले आहे. तिच्या नावाचाही अर्थ विचारून घ्या. आडनाव बहुतेकदा संस्थेने दिलेले असते. कुठे एका वर्षी आलेल्या सगळ्या मुलांना एकच आडनाव दिलेले आढळते, कुठे तालुक्याच्या नावातले अक्षर असते, आणि पूर्वी तर 'पक्ष' किंवा 'देश' या अर्थाची आडनावेही दिली जात. जन्मतारीखही बहुधा अंदाजाने लिहिलेली असते. हे तिला घरी, तुमच्या शेजारी बसून कळावे. अनाथाश्रमाच्या कार्यालयात एखाद्या अनोळखी अधिकाऱ्याकडून ते कळू नये.

या कागदांबद्दल बोलताना "असे घडले" न म्हणता "कागदावर असे लिहिले आहे" म्हणायची सवय लावून घ्या. बहुतेक नोंदी प्रामाणिक असतील, पण सगळ्या नाहीत. हुनान प्रांतातल्या हेंगयांगमध्ये मुलांची खरेदी करून ती अनाथाश्रमांना दिल्याचे प्रकरण २००५ मध्ये उघडकीस आले आणि २००६ मध्ये त्यात शिक्षा झाल्या. २०११ मध्ये त्याच प्रांतातल्या लुंगहुई तालुक्यात कुटुंबनियोजन अधिकाऱ्यांनी लोकांच्या घरांतून मुले उचलून नेल्याचे वृत्त चीनमधल्याच 'त्साइशिन' या नियतकालिकाने छापले. जिआंग्शीतल्या तुमच्या संस्थेशी याचा संबंध जोडायला काही आधार नाही आणि मी तो जोडत नाही. पण तुमची लेक उद्या इंटरनेटवर हे वाचणारच आहे. "आईबाबांना ठाऊक होते आणि त्यांनी लपवले" असे तिला वाटण्यापेक्षा "आईबाबांनीच मला आधी सांगितले" असे वाटणे पुढच्या सगळ्या आयुष्यासाठी बरे.

परवानगीचा भाग थोडक्यात सांगते. चीनने २०२४ च्या ऑगस्टअखेरपासून परदेशी कुटुंबांना मुले देणे बंद केले आणि सप्टेंबरमध्ये ते जाहीर केले. जवळचे रक्ताचे नातेवाईक आणि सावत्र मुले एवढाच अपवाद राहिला. १९९२ पासून १,६०,००० हून अधिक मुले बाहेर गेली आणि त्यांतली ८२,००० हून अधिक अमेरिकेत आली. ही व्यवस्था बंद झाली तरी आधी दत्तक गेलेल्या मुलांच्या नोंदी जागेवर आहेत. अनाथाश्रमाला भेट द्यायची असेल तर आधी लेखी अर्ज करावा लागतो. तो एजन्सीमार्फत किंवा अशा सहली आखणाऱ्या संस्थेमार्फत बीजिंगच्या दत्तक केंद्राकडे आणि तिथून प्रांताच्या नागरी व्यवहार खात्याकडे जातो. किमान चार महिने हाताशी ठेवा. अर्जात दोन विनंत्या वेगवेगळ्या लिहा. एक इमारत आणि माणसे पाहण्याची, दुसरी फाइल पाहण्याची. एकीला नकार आला तरी दुसरी अडू नये, एवढाच त्यामागचा हेतू आहे. महासाथीनंतर काही संस्था मुलांच्या खोल्यांपर्यंत कोणालाच जाऊ देत नाहीत आणि भेट बाहेरच्या सभागृहात उरकतात. असे होऊ शकते हे तिला आधी सांगून ठेवा.

व्हिसासाठी तिचा जुना चिनी पासपोर्ट जपून काढा. जन्माने चिनी असलेल्या व्यक्तीला परदेशी पासपोर्टवर पहिल्यांदा व्हिसा घेताना तो दाखवावा लागतो. नाव बदलले असेल तर त्याचा कागद जोडावा लागतो. चीन दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे ती तिथे पूर्णपणे अमेरिकी नागरिक म्हणूनच जाईल. २४० तासांची व्हिसामुक्त सवलत ही तिसऱ्या देशात पुढे जाणाऱ्यांसाठी आहे आणि जिआंग्शीसारख्या काही प्रांतांत ती ठरावीक शहरांपुरतीच आहे. तिच्यावर विसंबू नका, रीतसर व्हिसा घ्या. तुम्हा दोघांपैकी कोणाचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर त्याचा अर्ज वेगळ्या नियमांनी होईल.

ऋतूबद्दलही बोलायला हवे. जिआंग्शीत जूनमध्ये सलग पाऊस असतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये दमट, घाम काढणारा उकाडा. शाळेने आठवडाभराची रजा दिली तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध सर्वांत चांगला. १ ते ७ ऑक्टोबरची राष्ट्रीय सुट्टी आणि वसंतोत्सवाचे, म्हणजे चिनी नववर्षाचे, दिवस मात्र टाळा, कारण त्या दिवसांत कार्यालये बंद आणि गाड्या खचाखच भरलेल्या असतात. पैसे आणि फोनची व्यवस्था घरूनच करून घ्या. अलीपे आणि वीचॅट या फोनवरून पैसे देण्याच्या अ‍ॅप्सना परदेशी कार्ड जोडता येते, आणि गूगलचे नकाशे तिथे कामाला येणार नाहीत.

दिवसांचा क्रम कसा लावायचा, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. विमानातून उतरून थेट अनाथाश्रमात जाऊ नका. पहिले तीन-चार दिवस बीजिंग किंवा शांघायला राहा. झोपेचे चक्र सावरू द्या, बीजिंगला असाल तर चीनची भिंत चढा, बाजारात फिरा, रेल्वेने प्रवास करा. मग जिआंग्शीची राजधानी नानचांगला या. दत्तकाचे कागद २०१५ मध्ये तिथेच झाले असणार आणि बहुधा तिथल्याच सरकारी कार्यालयात किंवा हॉटेलात ती तुमच्या हाती दिली गेली असणार. म्हणजे अनाथाश्रम तुम्ही स्वतःही बहुतेक पाहिलेला नाही. हे तिला मोकळेपणाने सांगा. आईबाबांसाठीही ते पहिलेच पाहणे आहे हे कळल्यावर मुलांना धीर येतो, असा माझा अनुभव आहे. तुम्ही तिला पहिल्यांदा उचलून घेतले ती जागा आधी दाखवा. ही गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, तिचे साक्षीदार तुम्ही आहात. माहीत असलेल्या गोष्टीकडून माहीत नसलेल्याकडे जाणे मुलांना सोपे जाते. अनाथाश्रमाची भेट सकाळी ठेवा आणि त्या दुपारी व दुसऱ्या दिवशी काहीही ठरवू नका. त्यानंतर दोन दिवस त्याच प्रांतातल्या जिंगदेझेनला जा. मिंग आणि चिंग राजवटींत दरबाराची चिनी मातीची भांडी तिथे घडत. चाकावर हात मातीत घालून बसता येते. शब्दांनी बोलावेसे वाटत नाही त्या दिवसांत हाताला काम असले की मुले आपणहून बोलू लागतात.

मराठी घराला एक वेगळी तयारी लागते. तिथे पहिल्यांदाच तुमची लेक गर्दीत मिसळून जाईल आणि वेगळे तुम्ही दिसाल. दुकानदार तिच्याशी मँडरिनमध्ये बोलतील, ती तुमची दुभाषी किंवा मार्गदर्शक आहे असे समजतील आणि तिला उत्तर देता आले नाही की चकित होतील. काही मुलांना याचा आनंद होतो, काहींना आपण दोन्हीकडचे नाही असे वाटून ते फार लागते. घरी निदान दहा वाक्ये पाठ करून घ्या. त्यांतले पहिले "ही माझी आई आहे" हे असू द्या. चिनीत आईला 'मामा' म्हणतात आणि अनाथाश्रमात मुलांना सांभाळणाऱ्या बाईला 'आयी' म्हणतात. मराठी कानाला हा दुसरा शब्द अगदी 'आई'सारखा लागतो. मी एका मराठी कुटुंबाबरोबर गेले होते, तेव्हा नऊ वर्षांची मुलगी दारात थांबून आईचा हात घट्ट धरून विचारू लागली, "हे सगळे जण हिला आई का म्हणतात?" त्या घरात हे आधी कोणाच्या लक्षातच आले नव्हते. तुम्ही तिला निघण्याआधी सांगा. तिच्या पहिल्या दोन वर्षांत ती कोणाला तरी 'आयी' म्हणत असणार, हेही त्यातून तिला समजेल.

दुभाषी तुमचा स्वतःचा घ्या, संस्थेचा नको, आणि तो त्या भागातला हवा. मुलांना सांभाळणाऱ्या दाया बहुधा आसपासच्या खेड्यांतल्या असतात आणि जिआंग्शीत गान बोली बोलतात. बीजिंगच्या दुभाष्याला ती कळेलच असे नाही. आदल्या संध्याकाळी त्याच्याशी अर्धा तास बसून बोला. "किती नशीबवान आहेस, अमेरिकेला गेलीस" हे वाक्य तिथे प्रत्येक जण प्रेमाने म्हणतो. मुलाला मात्र ते ओझे वाटते, कारण जे गमावले त्याबद्दल दुःख करायची मुभाच त्यात उरत नाही. असे वाक्य आले की ते आधी तुम्हाला सांगावे, थेट मुलीला नको, असे दुभाष्याशी ठरवून ठेवा.

भेटवस्तूंत घड्याळ नको, कारण चिनीत 'घड्याळ देणे' हे शब्द मरणाला निरोप देण्यासारखे ऐकू येतात. चारच्या संख्येत काही देऊ नका. फळांची पेटी आणि तिचा आजवरचा फोटो अल्बम न्या. दत्तकाच्या वेळी देणगी दिली होती म्हणून आताही द्यायलाच हवी असे नाही. द्यायची असेल तर काय हवे ते विचारून द्या. अल्बम मात्र विसरू नका. दाया तो पुन्हा पुन्हा उलटतात, कारण त्यांनी सांभाळलेल्या बहुतेक मुलांचे पुढे काय झाले ते त्यांना कधीच कळत नाही.

पहिल्या काही वर्षांत माझ्याकडून एक मोठी चूक झाली. आठ कुटुंबांचा गट मी एकत्रच आत नेला. एक नऊ वर्षांचा मुलगा बसच्या बाकाखाली लपून बसला आणि वडील त्याला ओढून बाहेर काढेपर्यंत मी काही बोलले नाही. आत तो तासभर भिंतीकडे तोंड करून उभा होता. आत न येण्याची मोकळीक त्याला आहे, हे त्याला कोणीच सांगितले नव्हते. तेव्हापासून मी प्रत्येक मुलाबरोबर तीन गोष्टी आधी ठरवते. दारातून परत फिरता येईल. मध्येच बाहेर पडायचे असेल तर एक खूण करायची, आणि ती केली की कोणतेही कारण न विचारता आई किंवा बाबा बरोबर बाहेर येतील. आणि कोणाला मिठी मारायची सक्ती नाही. गंमत अशी की ही मोकळीक मिळाली की बहुतेक मुले शेवटपर्यंत आत थांबतात.

आत काय मिळते, हे सांगणे अवघड आहे. इमारत बहुधा नवी असते, मूल जिथे होते ती जुनी पाडलेली किंवा दुसऱ्याच कामाला दिलेली असते. नोंदवहीत दोन ओळी असतात. पण माणसे भेटली तर ती ठेव मोलाची असते. एका मुलीच्या कोपराजवळ रुपयाएवढा तपकिरी डाग होता आणि घरचे सगळे त्याला जन्मखूण समजत. निवृत्त झालेली तिची दाई गावाहून दोन बस बदलून आली होती. तिने मुलीचे तोंड पाहायच्या आधी तिची बाही वर सरकवली, तो डाग शोधला आणि त्यावर अंगठा ठेवून रडू लागली. यांगत्से नदीच्या दक्षिणेला इमारती गरम ठेवण्याची सरकारी सोय नसते आणि हिवाळा ओला, हाडात शिरणारा असतो. एका रात्री त्या दाईने बाळाच्या अंथरुणात गरम पाण्याची बाटली ठेवली होती आणि तिचे फडके सुटून बाळाचा हात भाजला होता. नऊ वर्षे ती बाई त्या डागाची आठवण घेऊन जगत होती. त्या मुलीला जन्मदाते सापडले नाहीत, सापडण्याची शक्यताही नव्हती. पण थंडीच्या रात्री आपल्यासाठी कोणीतरी पाणी तापवले होते, हे तिला कळले. परतीच्या प्रवासात ती बाही वर करूनच बसली होती.

सापडल्याच्या जागी जायचे की नाही हे तिला त्या सकाळी विचारा आणि फक्त तुम्ही व दुभाषी बरोबर असा. गट नको, कॅमेरा नको. मी पाहिलेली एक आठवण सांगते. कागदावर "भाजीबाजाराचे दक्षिण फाटक" असे होते. फाटक राहिले नव्हते, तिथे औषधाचे दुकान झाले होते. बाजार मात्र तिथेच होता. अकरा वर्षांच्या त्या मुलीने वडिलांना पूर्वी फाटक होते तिथे उभे केले आणि स्वतः पहिल्या भाजीवालीपर्यंत पावले मोजत गेली. २१ पावले भरली. परत येऊन ती म्हणाली, "म्हणजे मी लगेच कुणाला तरी दिसले असणार. तिला तेच हवे होते." आम्ही मोठ्यांनी वर्षानुवर्षे समजावले नसते ते तिला त्या २१ पावलांनी समजले. पण हे प्रत्येकाला लाभत नाही. काही मुले तिथे रस्ता पाहतात, "बरं" म्हणतात आणि आइस्क्रीम मागतात. तेही ठीक आहे, त्यांना आइस्क्रीम द्यावे आणि पुढचे काही विचारू नये.

तिसऱ्या प्रवासाबद्दल, म्हणजे जन्मदात्यांच्या शोधाबद्दल, माझे उत्तर या वेळी नको असे आहे. जनुकीय चाचण्यांमुळे अलीकडे काही जुळण्या खरोखर झाल्या आहेत, हे खरे. पण चीनबाहेरच्या कंपन्यांच्या नोंदींत चिनी पालक क्वचितच असतात आणि २०१९ च्या नियमांनंतर जनुकीय नमुने देशाबाहेर नेण्यावर कडक बंधने आहेत. चीनच्या आतल्या मार्गांपैकी पोलिसांचा हरवलेल्या मुलांचा डेटाबेस २००९ पासून चालू आहे आणि २००७ मध्ये सुरू झालेले 'बाओबेई हुइजिया' हे हरवलेली मुले आणि घरे जुळवणारे स्वयंसेवी संकेतस्थळही आहे. हे मार्ग तिला १८ व्या वर्षीही उघडे असतील. आज रक्ताचा नमुना दिला तर तो परत घेता येत नाही आणि तो निर्णय तिचा असायला हवा. गावात तिचा फोटो छापलेली पत्रके वाटणे तर मुळीच नको. तासाभरात व्हिडिओ पसरतो, माणसे जमतात, आपली हरवलेली मुलगी हीच असे म्हणणारे हताश आईबाप पुढे येतात, आणि त्यांचा चेहरा पाहून नाही म्हणणे १२ वर्षांच्या मुलीवर येते. मी हे एकदा पाहिले आहे आणि पुन्हा पाहायची माझी तयारी नाही. आता एवढेच करा की संस्थेला तुमचा पत्ता, ईमेल आणि तिचा फोटो एका बंद पाकिटात देऊन तो फाइलला जोडण्याची विनंती करा. पुढेमागे कोणी विचारत आले तर त्यांना एक दार सापडेल. हे पाकीट द्यायचे की नाही, हेही तिलाच विचारा.

धाकट्याला न्यायला हरकत नाही, पण भेटीच्या सकाळी त्याला एका पालकाबरोबर दुसरीकडे, नदीकाठी किंवा बागेत पाठवा. त्या दिवशी "दादागिरी करू नको, भावालाही बघू दे" असे तिला ऐकायला लागू नये. मात्र तो नंतर तिला विचारेल आणि ती त्याला तुमच्यापेक्षा जास्त सांगेल. ते त्या दोघांमध्ये राहू द्या.

पुणे या प्रवासाला जोडू नका. चीन-भारत थेट विमाने २०२५ च्या ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू झाली आहेत, त्यामुळे मोह होणे साहजिक आहे. पण पुण्यात पोहोचल्या दिवसापासून नातेवाईक येतील, "मग सापडली का खरी आई?" असे प्रेमानेच विचारतील, आणि तिच्या मनात अजून काही बसलेले नसताना तिला दिवसातून दहादा उत्तर द्यावे लागेल. आधी दोन-तीन आठवडे स्वतःच्या घरी, स्वतःच्या खोलीत जाऊ द्या. पुण्याला हिवाळ्यात जा.

सासूबाईंची भीती खोटी नाही. त्यांना नात दुखावली जाऊ नये असे वाटते, शिवाय ती आपल्यापासून दुरावेल अशीही धास्ती असेल, आणि ती त्या बोलून दाखवणार नाहीत. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी त्यांना एक काम द्या. २०१५ मध्ये तिचा पहिला फोटो पुण्यात पोहोचला तेव्हा घरात कोण होते, त्या काय म्हणाल्या, कोणाला आधी फोन केला, हे त्यांनी नातीला फोनवर सविस्तर सांगावे, आणि ते प्रवासाच्या आधी सांगावे. तिच्या गोष्टीतला तो भाग फक्त त्यांनाच ठाऊक आहे.

तिकिटे अजून काढली नसतील तर काढू नका. आधी फाइल भाषांतराला द्या आणि परवानगीचा अर्ज पाठवा. तिला एक कोरी वही देऊन तिथल्या लोकांना विचारायचे प्रश्न तिच्या हाताने लिहू द्या, तुम्ही त्यात भर घालू नका. परवानगीचे उत्तर आल्यावर त्यानुसार तारखा ठरवा. संस्थेला लिहायच्या पत्राचा मसुदा हवा असेल तर सांगा, दोन विनंत्या वेगळ्या कशा मांडायच्या ते मी इथेच लिहून देते.